सुईवर फोडलेलं खापर

ताईच्या सिंकखाली तिचा भाऊ शिरला होता. पाय तेवढे बाहेर होते. धंद्याने प्लंबर, वयाने बेचाळीस, वजनाने नव्वद किलो, आणि घरात नाव अजून बारक्या. गळका नळ हे नुसतं निमित्त. बारक्याच्या कानाखाली लिंबाएवढी गाठ होती. उद्या सकाळी नऊला तिची बायोप्सी, म्हणजे सुईने बारीकसा तुकडा काढून तपासणी, आणि जायचं नाही असं त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं.

गेल्या आठवड्यात डॉक्टरबाईंना त्याने तीनदा एकच विचारलं, सुईने कॅन्सर पसरतो ना? त्यांनी तिन्ही वेळा न चिडता सांगितलं, "कधीच होत नाही असं मी म्हणणार नाही. पण फार क्वचित. तेही धरूनच सुई कुठून घालायची ते आम्ही ठरवतो. थांबण्यातला धोका मात्र क्वचित नसतो." बारक्याने तिन्ही वेळा मान डोलावली. पालथ्या घड्यावर पाणी.

"जुन्या जॉइंटला हात लावू नये, ताई," सिंकखालून आवाज आला. "गंजून बसलेला असतो तोवर थेंब पडत नाही. पान्हा लावला की घरभर पाणी."

"माणूस म्हणजे पाइप आहे का?"

"मग बाबांचं काय झालं? सुई घातली आणि अडीच महिन्यांत गेले. तूच सांगितलंस ना?"

तिनेच सांगितलं होतं. सतरा वर्षांपूर्वी हा बाहेरगावच्या कामावरून धावत आला आणि "असं कसं झालं?" म्हणून रडायला लागला, तेव्हा ती म्हणाली होती, सुई घातली आणि पसरला. जमलेल्या सगळ्यांनी माना हलवल्या. कावळा बसला आणि फांदी तुटली, एवढं सोपं. कावळ्याची बाजू कोण ऐकतो? खरं असं होतं की काखेतली गाठ बाबांनी तिला आठ महिने आधी दाखवली होती. तिची बढतीची परीक्षा तोंडावर होती. "तेवढी होऊ दे, मग जाऊ," ती म्हणाली. परीक्षा झाली. मग घर बदलायचं निघालं. मग बाबांनीच विषय काढणं सोडलं. हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

आता सांगायला हवं होतं. छातीत धडधडेल असं तिला वाटलं होतं, पण काहीच होईना. दात काढायच्या आधी गाल बधिर होतो, तशी ती सगळीच बधिर झाली होती.

ती त्याच्या पायांकडे बघत म्हणाली, "बाबांनी मला गाठ आठ महिने आधी दाखवली होती. मीच नेलं नाही. सुई घातली तेव्हा तो आधीच सगळीकडे गेलेला होता. डॉक्टरांनी तसं सांगितलंही होतं. सुईचं मी पदरचं घातलं."

पान्हा थांबला. पाय हलले नाहीत. डाव्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. याला मोजे घ्यायला हवेत, असं तिच्या मनात आलं. त्याची लाजही वाटली नाही.

बऱ्याच वेळाने तो सरपटत बाहेर आला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने हात धुतले, नळ बंद केला, थेंब पडतो का ते बघितलं. मग भिंतीला टेकून खालीच बसला.

"मी दाढी वाढवली तेव्हा तू मला अस्वल म्हणायचीस," तो म्हणाला.

"तू दिसतच होतास तसा."

"गाठ झाकायला वाढवली होती. डॉक्टरबाईंना गाठ दोनच महिन्यांची सांगितली, ते खोटं. तुला कळलं असतं तर तू धरून नेलं असतंस. मग त्यांनी सुई घातली असती."

ताईला दाढी कधी सुरू झाली ते आठवलं. तिने मनातल्या मनात महिने मोजले. चौदा भरले. बाबांचे आठच होते.

पान्हे पिशवीत टाकून तो उठला. दाराशी बूट घालताना म्हणाला, "साडेआठला खाली येऊन थांब. आणि महिने किती ते डॉक्टरबाईंना तू सांग. मला जमायचं नाही."

"सांगते," ताई म्हणाली.