उत्तराची अपेक्षा नसलेला प्रश्न

शहराच्या छावणी भागात माझा वक्तृत्वाचा क्लास आहे. बोर्डावर माझं, म्हणजे शिवराज सरांचं, नाव इतकं मोठं आहे की 'क्लास' हा शब्द लिहायला पेंटरला कोपऱ्यात जागा शोधावी लागली. समोरच्याला शब्दांनी कसं जिंकावं, हे मी पोरांना शिकवतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, की बायको प्रेरणा रुसून पैठणला माहेरी गेली, आणि तीही माझ्याच एका टाळ्या घेणाऱ्या वाक्यामुळं.

क्लासच्या वार्षिक समारंभात मी माइकवर म्हणालो, "प्रेरणा हीच माझी प्रेरणा!" यमक अलंकार. शब्द एक, अर्थ दोन, टाळ्यांचा कडकडाट. घरी आल्यावर प्रेरणा म्हणाली, "लहान मुलांच्या सगळ्या बॅच मी घेते. आज बक्षिसं घेतलेली पोरं माझी. हे साध्या शब्दांत सांगायला काय झालं होतं?" मी लाडात येऊन म्हणालो, "अगं, तू तर माझी सावली!" हे रूपक. सकाळी सावली बॅग भरून निघून गेली.

आठवडाभर मी फोनवर भाषणं केली, तिनं ती अर्ध्यात कापली. शेवटी एसटी धरली. ती आली नाही तर क्लासला कुलूप लागेल, ही भीती होतीच. पण माझ्या भाषणात चुका काढणारं घरात कुणी उरलं नव्हतं, आणि त्याचंच जास्त वाईट वाटत होतं.

बैठकीत सासरे तात्यासाहेब, दारात सासूबाई साळूबाई आणि भिंतीला टेकून प्रेरणा. चहा झाला. मी घसा साफ केला आणि पोरांना शिकवतो तशी प्रश्नानं सुरुवात केली.

"मामा, तुम्हीच सांगा, मी हिला काय कमी केलं?"

अशा प्रश्नावर श्रोत्यांनी नुसती मान हलवायची असते. सासरे विचारात पडले. "इचारलंच हाय तर सांगतो," म्हणाले, आणि सांगतच राहिले. साळूबाई मधूनमधून त्यांना राहिलेलं आठवून देत होत्या.

"मामा, या प्रश्नाला उत्तराची अपेक्षा नसते," मी कसंबसं म्हणालो.

"मंग इचारायचा कशाला?"

आजवर एकाही विद्यार्थ्यानं मला हे विचारलं नव्हतं. मी घाईनं पुनरावृत्तीकडं वळलो. "हिच्याविना घर सुनं, अंगण सुनं, मन सुनं!"

"तिसऱ्या मजल्यावर अंगण कवा आलं?" साळूबाईंनी विचारलं.

राहिली अतिशयोक्ती. आवाजात कंप आणून मी म्हणालो, "ही गेल्यापासून घास घशाखाली उतरला नाही."

"शर्टावर तर्री सांडलीय," प्रेरणा पहिल्यांदाच बोलली. स्टँडवरची मिसळ मला नडली.

अलंकार संपले. एरवी भाषण फसलं की आभार मानून खाली बसता येतं; इथं मी आधीच खाली बसलेलो होतो.

"प्रेरणा," मी म्हणालो, "येतेस का?"

उत्तर माहीत नसलेला प्रश्न कधी विचारू नका, असं मी पोरांना बजावतो. याचं उत्तर मला माहीत नव्हतं.

"बोर्डावर नाव कुणाचं राहणार?" ती म्हणाली.

हा आपला भाषणातला प्रश्न असेल, असं समजून मी मान हलवली.

"मला उत्तर पाहिजे."

'संसाररथाची दोन चाकं' अगदी जिभेवर आली होती. गिळली. "तुझं आणि माझं."

"ह्याच क्रमानं?"

"ह्याच क्रमानं."

ती बॅग आणायला वळली आणि माझे डोळे भरून आले. पुसायचंही सुचेना. सासऱ्यांनी मला नीट न्याहाळलं.

"लई भारी! हे बी क्लासात शिकवता काय, जावईबापू?"

मी तोंड उघडण्याआधी प्रेरणा दारातूनच म्हणाली, "नाय बाबा. हे त्यांना येत नाय. हे खरंय."