जुनी टू-व्हीलर, फक्त नऊशे नव्व्याण्णव

आमच्या दुकानाच्या दारात एक फ्लेक्स आहे. त्यावर मालक सत्यजीतभाऊंचा हात जोडलेला फोटो, शेजारी त्यांच्या चुलत्यांचा त्याहून मोठा फोटो आणि खाली लाल अक्षरांत लिहिलंय, 'जुन्या टू-व्हीलरचा इन्शुरन्स फक्त ९९९'. चार वर्षं रोज सकाळी मी त्या फ्लेक्सखालून आत गेले. आपल्याला शिसारी येते ती पायरीवरच्या गुटख्याच्या पिचकाऱ्यांची, अशी इतकी वर्षं माझी समजूत होती.

शिरूरच्या एसटी स्टँडमागे हे दुकान. पाटीवर 'विमा सल्ला केंद्र' आहे, पण सल्ला घ्यायला कुणी येत नाही. बायपासला पोलिसांचं चेकिंग लागलं की माणसं येतात, गाडी दारात चालूच ठेवून. "मॅडम, पावती करा लवकर," म्हणतात. इन्शुरन्सला आमच्याकडे पावतीच म्हणतात, पोलिसाला दाखवायची पावती.

त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. गाडी बारा वर्षांची झाली, मग हप्ता कमी का होत नाही? म्हैस म्हातारी झाली की तिची किंमत उतरते, मग गाडीची का नाही? मी सांगायचे की बाबा, गाडीची किंमत उतरतेच. म्हणून गाडीच्या नुकसानीचा जो विमा असतो त्याचा हप्ता उतरतो, आणि भरपाईही उतरते. पण कायद्यानं घ्यावाच लागतो तो थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीनं दुसऱ्या कुणाला उडवलं तर त्याच्यासाठीचा. तो इंजिनवर ठरतो, वयावर नाही. गाडी जुनी आहे म्हणून समोरच्याचं हाड काही स्वस्तात मोडत नाही. एवढं सगळं ऐकून घेऊन समोरचा म्हणायचा, "ते ऱ्हाऊ द्या, कमीत कमी कितीला बसंल ते सांगा."

कमीत कमी म्हणजे नऊशे नव्व्याण्णव. साध्या शंभर सीसीच्या गाडीचा थर्ड पार्टी जीएसटी धरून आठशे बेचाळीस, वरचे भाऊंचे. पण फॉर्ममध्ये आणखी एक गोष्ट असते, गाडीच्या मालकाचा स्वतःचा अपघात विमा. पंधरा लाखांचा. गाडी चालवताना मालक गेला तर घरच्यांना पंधरा लाख, एक हात किंवा एक पाय गेला तर निम्मे. वर्षाला साडेतीनशेच्या आसपास पडतो. गाडी कालची असो नाहीतर वीस वर्षांपूर्वीची, त्याला काही फरक पडत नाही, कारण हा विमा गाडीचा नाहीच, तिच्यावर बसलेल्या माणसाचा आहे. मात्र तो धरला की नऊशे नव्व्याण्णवचा फ्लेक्स खोटा पडतो आणि गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं.

त्यावर उपाय म्हणून फॉर्ममध्येच एक चौकट होती. 'माझ्याकडे पंधरा लाखांचा दुसरा वैयक्तिक अपघात विमा आधीच आहे.' तिथं टिक केली की ते साडेतीनशे गळून पडतात. गाडी दहा वर्षांच्या पुढची असेल तर ही टिक न विचारता करायची, हा भाऊंचा नियम. नव्या गाडीवाल्याला खुर्ची, चहा आणि सगळं समजावून सांगणं, कारण तिथं हप्ता मोठा आणि कमिशनही मोठं. जुन्या गाडीवाल्याला उभ्या उभ्या नंबर विचारायचा, त्याच्या मोबाईलवर आलेला ओटीपी घ्यायचा, कागद हातात द्यायचा. कॉम्प्युटरवर या लोकांचं फोल्डरही वेगळं होतं. त्याचं नाव 'भंगार'. ते नाव भाऊंनी दिलेलं नव्हतं. मी दिलं होतं, आणि भाऊ त्या दिवशी पोट धरून हसले होते.

म्हणजे बघा, ज्याची गाडी दहा हजारांना कुणी घेणार नाही, त्या माणसानं पंधरा लाखांचा दुसरा विमा काढून ठेवलाय, असं मी दिवसातून दहा वेळा कंपनीला कळवायचे. कंपनीला कधी नवल वाटलं नाही. माझी स्कूटी दोन वर्षांची आहे. तिच्या फॉर्मवर मी ती टिक केली नव्हती, साडेतीनशे रुपये गुमान भरले होते.

फेब्रुवारीत एका सकाळी इनामगावचे विनोददादा दुकानात आले. एमआयडीसीत कंत्राटी हेल्पर, चौदा वर्षांची गाडी, आमच्या भंगारमधलेच. आले ते दोन कुबड्यांवर. डाव्या पायाची पँट गुडघ्याखाली दुमडून पिनेनं अडकवलेली. मागे त्यांची बायको, अंजनावहिनी, हातात प्लास्टिकची फाईल घेऊन.

"जय भीम, ताई."

"जय भीम, दादा. बसा." माझ्या तोंडून चार वर्षांत जुन्या गाडीवाल्याला पहिल्यांदा 'बसा' निघालं. त्यासाठी त्यांना पाय गमवावा लागला होता.

त्यांनी सांगितलं ते असं. दिवाळीनंतर शिफ्ट सुटून घरी जाताना कुत्रं आडवं आलं. गाडी घसरली आणि पाय पुलाच्या कठड्यात चेंगरला. दौंडच्या दवाखान्यात तीन आठवडे काढले, पाय गुडघ्याखाली कापावा लागला. कंत्राटदारानं यादीतून नाव काढलं. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर कासुर्डीचा एक माणूस होता, त्याचा हात गेलेला. त्याच्या गाडीच्या कागदावर साडेसात लाख मंजूर झाले. ते ऐकल्यापासून या दोघांनी ठरवलं होतं, पिठाची गिरणी टाकायची. गिरणी बसून चालवता येते. गावात गाळासुद्धा बघून ठेवला होता. मग दोघं दौंडला कंपनीच्या ऑफिसात गेले.

"तिथल्या सायबानं कॉम्प्युटर फिरवून दावला," विनोददादा म्हणाले. "म्हणला, तुमीच लिवून दिलंय, दुसरा पंधरा लाखाचा इमा हाय म्हणून. तवा ताई, तेवढा दुसरा इमा कुठला ते बघता का? मला तर काय ध्यानात येईना. पर कॉम्प्युटरवर हाय म्हंजी असंलच कुठंतरी. त्याच्यातनं मिळालं तरी चालंल."

मी त्यांचा फॉर्म स्क्रीनवर उघडला. हा माणूस माझ्या खोटेपणावर विश्वास ठेवून तीस किलोमीटर आला होता. मी लिहिलेला, मुळात नसलेला विमा तो माझ्याकडेच शोधायला आला होता.

तेवढ्यात सत्यजीतभाऊ आतल्या केबिनमधून आले. दातात काडी होती. फाईल न बघताच त्यांना सगळं कळलं, कारण आमचं बोलणं त्यांनी काचेआडून आधीच ऐकून घेतलं होतं.

"अरे अरे अरे," ते म्हणाले. "लय वाईट झालं, विनोद. पण एक सांग, ओटीपी कुणाच्या मोबाईलवर आलता?"

"माझ्याच की, भाऊ."

"आन् मॅडमला कुणी सांगितला?"

"म्याच."

"मग झालं तर. ओटीपी म्हंजी सही. आन् चौदा वर्षांच्या गाडीवर काय मिळणार हाय, तूच सांग."

अंजनावहिनी पुढे आल्या. "भाऊ, आमी गाडीचं इचारत न्हाई," त्या म्हणाल्या. "पायाचं इचारतोय."

भाऊंनी काडी दुसऱ्या बाजूला फिरवली. मग खिशातून पाचशेची नोट काढली आणि विनोददादांच्या शर्टाच्या खिशात कोंबली. "रिक्षानं जावा," म्हणाले. दादा उठून उभे राहत होते, त्यांचे दोन्ही हात कुबड्यांवर होते. नोट नको म्हणायला त्यांच्याकडे हात शिल्लक नव्हता, आणि हे बघूनच ती कोंबली होती. वहिनींनी पुढे होऊन नोट काढली, माझ्या टेबलावर ठेवली आणि दादांच्या मागोमाग पायरी उतरून गेल्या.

भाऊंनी ती नोट उचलून परत खिशात घातली. सॅनिटायझर घेऊन हात चोळले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पयलं त्या फोल्डरचं नाव बदल. आन् कुणी इचारलं तर तोंड उघडू नको. टिक तुझ्या लॉगिनवरनं हाय, ध्यानात ठेव."

मी नाव बदललं. 'जुने ग्राहक' केलं. एवढी मी आज्ञाधारक.

पुढचे चार दिवस मी जेवताना, भांडी घासताना, गाडी चालवताना तोच हिशेब करत होते की यात माझा वाटा किती. नियम भाऊंचा होता. स्वस्त पाहिजे म्हणून मागे लागणारे लोकच होते. डोळे मिटून टिक मान्य करणारी कंपनी होती. सगळ्यांना वाटून झाल्यावर माझ्या वाट्याला फक्त एक बोट उरायचं, माऊसवरचं. एवढी सोयीची वाटणी करणाऱ्या माझ्या डोक्याचीच मला किळस आली.

शनिवारी मी कंपनीच्या नावानं एक अर्ज लिहिला. विनोददादांना न विचारता ती टिक मी केली, त्यांच्याकडे दुसरा कोणताही विमा नव्हता आणि नाही, असं त्यात होतं. असं लेखी हातात असेल तर कंपनीकडे, नाहीच ऐकलं तर ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, हे मला दुकानात बसूनच माहीत झालं होतं. हमखास पैसे मिळतीलच असं नाही. पण त्या कागदाशिवाय काहीच मिळणार नाही, हे नक्की होतं. माझी नोकरी जाणार हेही नक्की होतं. तीनदा लिहिला, तिसऱ्यांदा जमला. सही तेवढी केली नाही. विनोददादांच्या घरी जाऊन करू, असं स्वतःला सांगितलं.

रविवारी इनामगावला गेले. विनोददादा पडवीत बाजेवर बसून लसूण सोलत होते. वहिनी चुलीपुढे भाकरी थापत होत्या. मी चहा नको म्हटलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. दुसरा विमा कुठंच नाही, तो मी लिहिलाय, सगळ्याच जुन्या गाड्यांना लिहिते, असं. अर्ज काढून पुढे धरला आणि तो कशासाठी तेही सांगितलं. भंगार हा शब्द मात्र सांगितला नाही.

विनोददादांनी हातातली लसणाची पाकळी खाली ठेवली.

"किती लागलं असतं?" त्यांनी विचारलं.

"साडेतीनशे. वर्षाचे."

"मग ताई, तुमी जीवाला लावून घिऊ नका," ते म्हणाले. "तुमी इचारलं असतं तरी म्या नगंच म्हणलं असतं. जुन्या गाडीला कशाला एवढं, आसंच म्हणलो असतो. कागद दिला तर तुमची नोकरी जाईल. ऱ्हाऊ द्या."

हे ऐकून मला बरं वाटलं. लपवून उपयोग नाही, मला मनापासून बरं वाटलं. एका पायाचा माणूस मला माफ करत होता आणि मी अर्जाची घडी घालून पर्समध्ये ठेवायला लागलेसुद्धा होते. असलं बरं वाटणं कुणाच्या वाट्याला येऊ नये.

"आणा इकडं," चुलीपुढून वहिनी म्हणाल्या.

"अगं, कशाला—" दादांनी सुरुवात केली.

"तुमचं झालं बोलून. मला इचारलं असतं तर म्या घ्या म्हणलं असतं. एका दिसाची खुरपणी हाय ती. ह्यांच्या पायापरीस जास्त न्हाई." त्यांनी तवा उतरवला, हाताचं पीठ पदराला पुसलं आणि माझ्यासमोर येऊन हात पुढे केला. मी कागद दिला.

वहिनी दहावी पास आहेत, बचत गटाचं प्रोसिडिंग त्याच लिहितात. त्यांनी उभ्यानंच, प्रत्येक ओळीवर बोट ठेवत अर्ज वाचला. मध्ये थांबल्या. पुन्हा ती ओळ वाचली.

"हितं 'नजरचुकीनं' लिवलंय," त्या म्हणाल्या. "नजरचुकीनं खूण केली म्हणून."

"हो."

"नजरचूक व्हती का?"

त्यांनी हे चिडून विचारलं नव्हतं. दुकानात माप विचारावं तसं, खरं काय ते कळावं म्हणून विचारलं होतं. भाजलेल्या भाकरीचा वास येत होता आणि विनोददादा खाली मान घालून लसूण सोलत होते. तीनदा लिहून जमलेल्या त्या अर्जात हा शब्द तिसऱ्यांदाच आला होता, आणि तो आला तेव्हाच अर्ज जमला असं मला वाटलं होतं.

"नव्हती," मी म्हणाले.

वहिनींनी कागद परत माझ्या हातात दिला. मी पेन काढलं, तो शब्द खोडला, त्याच्या डोक्यावर 'रोजच्याप्रमाणे' असं लिहिलं आणि खाली सही केली.