कडक गाडी

शामकांत वकिलांसारखी माणसं गाडी बसण्यासाठी घेत नाहीत, लोकांनी बघावी म्हणून घेतात. लालभडक फियाट, टपावरून दोन पांढरे पट्टे, आणि सायलेन्सर असा की गाडी कोपऱ्यावर असतानाच पुणे रस्त्यावरच्या माझ्या गॅरेजात बोलणं बंद व्हावं. असला थाट बघितला की माझं डोकं फिरतं.

त्या शनिवारी ते बायकोला घेऊन आले. दमयंतीबाई सुप्याच्या शाळेत शिक्षिका. रोज नगरहून निघायचं, बाईंना सुप्याला सोडायचं आणि पुढे पारनेरच्या कोर्टात जायचं, हा वकिलांचा क्रम. उतरताना बाईंनी गाडीचं दार धरलं आणि बराच वेळ तशाच वाकून उभ्या राहिल्या.

"मिस्त्री, हिचा मणका दुखावलाय," वकील म्हणाले. "डॉक्टर म्हणतात हादरे बंद करा, नाहीतर नोकरी सोडा. एसटी तर नकोच म्हणालेत. गाडी थोडी मऊ होईल का?"

"कवापासून आपटतीय?"

"दिवाळीपासून. स्पोर्ट गाड्या अशाच असतात हो, कडक!"

"मी सोमवारी राजीनामा देणार आहे," बाई म्हणाल्या. "लिहून पर्समध्ये ठेवलाय. तेरा वर्षं शिकवतेय मी."

मी आत डोकावलो. वकिलांच्या सीटवर सोलापुरी चादरीची चौपदरी घडी घातलेली होती. बाईंच्या सीटवर काही नव्हतं. सहा महिने हा माणूस स्वतःचं बूड सांभाळून शेजारी कण्हणाऱ्या बायकोला स्पोर्ट गाडीचं कौतुक ऐकवत होता. मला त्याची किळस आली.

गाडी जॅकवर चढवून खाली शिरलो. मागच्या चाकांवरच्या पाट्यांत, म्हणजे हादरे झेलणाऱ्या लोखंडी स्प्रिंगांत, एकेक जास्तीची पट्टी कोंबलेली, तीही ट्रकच्या पाट्यातली, जाडजूड.

"कुन्या येड्यानं घातल्या ह्या?" मी खालूनच ओरडलो. "फियाटीतनं ऊस न्यायचा हुता का काय?"

गॅरेजातली माणसं हसली. मग मी फडक्याने पट्टीवरचा चिखल पुसला, तर खाली तीन ठिपके दिसले.

ते ठिपके माझे. माझं काम ओळखू यावं, दुसऱ्या कुणाची घाण माझ्या नावावर येऊ नये, म्हणून मी प्रत्येक कामावर छिन्नीने तीन ठिपके मारतो.

आणि आठवलं. दिवाळीच्या आधी कोर्टातला एक कारकून करड्या रंगाची फियाट सोडून गेला होता. सोबत चिठ्ठी: 'गाडी कडक करून देणे.' कडक म्हणजे पाटे कडक, दुसरं काय? विचारावं असं मनात आलंही होतं. पण मिस्त्रीने विचारलं की याला काही येत नाही असं गिऱ्हाइकाला वाटतं.

बाहेर येऊन मी वकिलांसमोर उभा राहिलो. "साहेब, त्या चिठ्ठीतलं कडक म्हंजी काय हुतं?"

"म्हणजे झोकदार! रंग, पॉलिश, चकचकाट. पण गाडी आली ती नुसती आपटतच. मग रंग मी दुसरीकडे देऊन घेतला."

"मंग इचारलं का न्हाई?"

वकिलांनी मान खाली घातली. "वाटलं, तुम्ही काहीतरी रेसचं केलं असेल. विचारलं असतं, तर यातलं आपल्याला काही कळत नाही असं दिसलं असतं."

"त्यो येडा मीच हाय," मी म्हणालो. या वेळी कुणी हसलं नाही.

दोन तासांत दोन्ही पट्ट्या काढल्या, पाटे पुन्हा आवळले. मी गाडी चालवायला बसलो, बाई शेजारी, वकील मागे. केडगावपर्यंत जाऊन आलो. मुद्दाम प्रत्येक खड्ड्यातून नेली. बाई सगळा वेळ डोळे मिटून बसल्या होत्या. परत आल्यावर दार न धरता सरळ उतरल्या.

त्यांनी पर्समधून राजीनामा काढला, मधोमध फाडला. अर्धा माझ्या हातात दिला, अर्धा नवऱ्याच्या.

"हात पुसा," त्या म्हणाल्या. "दोघंही."

माझ्या अर्ध्यावर 'पाठीच्या असह्य दुखण्यामुळे' एवढंच वाचता आलं, मग त्यावर ग्रीस पसरलं. बाईंनी वकिलांच्या सीटवरची चादर ओढून आपल्या सीटवर अंथरली आणि गाडीत जाऊन बसल्या. वकिलांचे हात स्वच्छच होते. तरी ते पुसत उभे राहिले.