खारूताईंचा पट्टा

विजेच्या खांबावर चढणाऱ्या माणसाच्या कमरेला जाड पट्टा असतो, तो तुम्ही पाहिलाच असेल, मित्रांनो. मी तसाच एक जुना सुरक्षा पट्टा आहे. कारखान्यात मला दुहेरी दोऱ्याने शिवलं, लोखंडी कड्या बसवल्या आणि वाळूची जड पोती टांगून माझी परीक्षा घेतली. मी पास झालो आणि एका लाइनमनकडे आलो.

त्यांना सगळे खारूताई म्हणायचे. होते चांगले झुपकेदार मिशांचे गृहस्थ, पण खांबावर असे सरसर चढायचे की हेच नाव चिकटलं. वर पोचले की माझा दोर खांबाभोवती घ्यायचे, आकडा कडीत 'खट्' करून बसायचा आणि मग ते दोन्ही हात सोडून निवांत काम करायचे. त्यांचा सगळा भार माझ्यावर! मला फार अभिमान वाटायचा. वारा सुटला की तारा गुणगुणायच्या, खाली गावाची कौलं दिसायची.

त्यांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा भाऊ, त्यांच्याच टोळीत होता. अंगाने दणकट, म्हणून त्याचं नाव पहिलवान.

एके दिवशी गल्लीतला दिवा बंद पडला. खांब ठेंगणा, साध्या शिडीने हात पोचेल असा. मी गाडीच्या सीटवर पडून होतो.

"दाजी, पट्टा घ्या," पहिलवान म्हणाला.

"एवढ्याशा कामाला कसला पट्टा? चहा निवायच्या आत खाली येतो."

तार बंद आहे असं ते समजत होते, पण ती बंद नव्हती. झटका तसा बारीकच बसला, पण हात सुटला, शिडी घसरली आणि खारूताई फरसबंदीवर आदळले. टाच फुटली, कमरेचं हाड मोडलं. मी गाडीतून सगळं पाहत होतो. मला हात असते, तर!

पहिलवानाने त्यांच्या हत्यारांच्या पिशवीबरोबर मलाही त्यांच्या घरी पोचवलं. त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, मला नेमकं त्यांच्या पलंगासमोरच्या खुंटीला टांगलं.

"काढ गं तो तिथून," खारूताई म्हणाले.

"राहू दे. मला जे तोंडाने बोलवत नाही, ते तो बोलेल."

खारूताईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. हाडापेक्षा त्यांना लाजच जास्त ठणकत होती. आभाळाला टेकणाऱ्या खांबांवरून कधी पाय घसरला नाही, आणि पडलो कुठून, तर गल्लीतल्या दिव्यावरून! किती तरी दिवस माझ्यावर नुसती धूळ साचत राहिली. मग एका सकाळी ते काठी टेकत उठले, मला खाली घेतलं आणि ओल्या फडक्याने पुसलं.

त्यांना पुन्हा वर चढता येणार नव्हतं. खात्याने त्यांना खाली उभं राहून देखरेख करायचं काम दिलं. मी पहिलवानाच्या कमरेला गेलो. पण रोज सकाळी खारूताई माझी शिवण बोटांनी चाचपायचे, कड्या ओढून बघायचे, आकड्याचा आवाज कान देऊन ऐकायचे.

"दाजी, मुलगी बघायला आलात की पट्टा?" पहिलवान कुरकुरायचा. तरी उभा राहायचा.

एकदा दुपारच्या वाऱ्यात तो उंच खांबावर काम करत होता. पायाखालचा लोखंडी कोन, म्हणजे खांबाची पाय ठेवायची पट्टी, आतून गंजलेला होता, तो कट्कन तुटला. पहिलवानाचा तेवढा देह माझ्यावर कोसळला. माझी शिवण तडतडली, काही टाके उसवले, पण मी सोडलं नाही. तो हवेत लोंबकळत राहिला.

खालून खारूताईंचा आवाज आला, अगदी शांत. "खाली बघू नकोस. खांबाला मिठी मार. हां, अशी. आता डावा पाय वर घे, तिथे कोन आहे. पट्टा धरून आहे तुला."

सोबत्यांनी शिडी लावून त्याला उतरवलं. खारूताईंनी त्याला पोटाशी धरलं. काठी कुठे पडली, याचं भान नव्हतं त्यांना.

संध्याकाळी काकूंनी मला मांडीवर घेतलं. "माझा भाऊ राखलास रे," म्हणाल्या आणि डोळे पुसत राहिल्या.

"आता मी जन्मभर हाच पट्टा बांधणार," पहिलवान म्हणाला.

"नाही," खारूताई म्हणाले. "त्याने एक माणूस झेलला. त्याची ताकद तिथे खर्च झाली. पुढच्या वेळी तो तुटेल."

कुणी चुकूनही मला पुन्हा बांधू नये, म्हणून त्यांनी सुरीने माझे दोन तुकडे केले. सुरी ठेवण्याआधी त्यांनी माझी शिवण शेवटची एकदा चाचपली. मला मात्र वाईट वाटलं नाही, मित्रांनो. इतका मान कुणाला मिळतो?

आता मी कचेरीत असतो. नव्या माणसांना खारूताई माझे उसवलेले टाके दाखवतात, त्यांना बोट लावून बघायला सांगतात.

तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. घरात कुणी दिवा बदलायला स्टुलावर चढलं, तर आधी मेन स्विच बंद आहे का ते विचारा. मग स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरा, आणि त्यांचे दोन्ही पाय जमिनीला लागेपर्यंत सोडू नका.