मंदाकिनीच्या हातची बेल

चौथा स्क्रू निघाला तेव्हा त्याच्या खाचेत पंचवीस वर्षांची धूळ मेणासारखी घट्ट बसली होती, आणि सुनीतीला त्या धुळीचाही थोडा अभिमान वाटला— इतकी वर्षं बेलला कुणी हात लावला नव्हता. चिमणीच्या आवाजाची साधी, स्वस्तातली बेल. सकाळी ती कायमची मुकी झाली तेव्हा हेरंब चहा पिता पिता म्हणाला होता, "आई, जवा दे ने, सोड तो नाद! कॅमेऱ्याची नवी मागवतो. या डब्यात कसली माथाकूट करतेस?"

माथाकूट! मकरपुऱ्याच्या कारखान्यात अठरा वर्षं याच बेलांचे बोर्ड जोडले, त्या आईला पोरगा शिकवतोय. गोत्रीच्या या सोसायटीतल्या इस्त्र्या, टॉर्च, मच्छर मारायच्या रॅकेटी— सगळं तिच्याच टेबलावर येतं आणि धडधाकट होऊन परत जातं. स्वस्त वस्तू दुरुस्त करणं परवडत नाही म्हणणाऱ्यांना ती उघडताच येत नसते, दुसरं काही नाही. दोष सापडला की झालं. आणि दोष मला सापडतो.

या बेलचा तर न उघडताच ठाऊक होता. पहिल्या दाबाला ती कधी वाजलीच नाही. बटणाशेजारी भिंतीवर थाप मारावी लागायची. पाहुणा दाराबाहेर खोळंबला की घरातलं कुणीतरी ओरडायचं, "थाप मारा, मंदाकिनीच्या हातची आहे!" आणि सगळे हसायचे.

मंदाकिनी... शेजारच्या स्टुलावर बसायची, तोंडाची टकळी चालू, हातातली सोल्डरची तार हवेत नाचवत. बाजारातून परत आलेली ही बेल घेऊन सुपरवायझर भास्करराव लाइनवर आले होते. "सुनीतीबाई, उघडून बघा, कुणाचं काम?" उघडायचं काय त्यात? मी म्हटलं, मंदाकिनीचं. दुसऱ्या दिवशी तिला पॅकिंगला बसवलं, दोन महिन्यांत तिनं नोकरी सोडली. भास्कररावांनी बेल मलाच दिली— घरी न्या, दुरुस्त करून लावा. लावली. दुरुस्त मात्र केली नाही, कारण खरं सांगायचं तर प्रत्येक थापेला आपलं बरोबर होतं याची मजा वाटायची.

आज चारला तीच मंदाकिनी येणार होती, मुलाच्या लग्नाची पत्रिका घेऊन. इतक्या वर्षांनी स्वतःहून फोन केला बिचारीनं. तिला आपल्याच चुकीवर थाप मारायला लावू नये, म्हणून बेल आज दुरुस्त व्हायलाच हवी होती— आपल्या या मोठेपणाचं सुनीतीला सकाळपासून कौतुक वाटत होतं.

तिनं बोर्ड उलटा केला. दोष लगेच दिसला: एका जोडाभोवती केसाएवढी भेग. ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला जोड, वाटलं होतं तेच. आणि बोर्डाच्या कोपऱ्यात रंगाचा ठिपका. काम झालं की प्रत्येकीनं आपापला रंग लावायचा, अशी लाइनवर पद्धत होती. मंदाकिनीचा लाल.

हा हिरवा होता. हिरवा माझा.

ती बोर्ड घेऊन खिडकीशी गेली. चष्मा पुसला. लाल रंग कितीही विटला तरी हिरवा होत नाही. हेरंबला ताप होता का त्या दिवशी? सासूबाईंचं दुखणं? रात्रीची झोप झाली नसेल...? काहीच आठवेना. साधाच दिवस असेल. मान खाली घालून, एक शब्द न बोलता मी हा जोड केला असेन, आणि छान झाला म्हणून वर ठिपका दिला असेन. मला लाज वाटली. खूप लाज वाटली.

तिनं टेबलाशी परत येऊन सोल्डरिंग गन तापवली. राळेचा धूर निघाला, सोल्डर वितळून जोडावर गोल, चकचकीत बसलं. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. बेल भिंतीवर लावून ती समोरच्या खुर्चीत बसून राहिली.

चारला बेल वाजली. पहिल्याच दाबाला, स्वच्छ, चिमण्यांचा थवा उतरल्यासारखी— आणि सवयीनं सुनीतीचा ऊर भरून आला.

"सुनीती, उघड ग! बेल काय सरस वाजते तुझी!" बाहेरून मंदाकिनीचा तोच मोठा, हसरा आवाज आला.

सुनीती कडीवर हात ठेवून उभी राहिली. दुरुस्ती उत्तम झाली होती, त्यात तिला तिळमात्र शंका नव्हती. हे कौतुक घेऊन दार कसं उघडायचं, तेवढंच तिला कळत नव्हतं.