महेशच्या आवाजाला

यशोधरा रोज बेलवलीहून उल्हासनगरच्या एका खासगी हॉस्पिटलात कामाला यायची. आयसीयूतल्या पेशंटच्या डोक्याला वायरी लावून मेंदूच्या लहरी नोंदवणं, हे तिचं काम.

त्या आठवड्यात तिच्याकडे जयदेव होता. अंबरनाथ एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात शिडीवरून पडला, असं सांगितलं होतं. डोक्याला मार बसला, फिट्स थांबेनात, म्हणून डॉक्टर उन्मेषनी त्याला थायोपेंटोनवर ठेवलं. या औषधाने मेंदू इतका खोल झोपतो की स्क्रीनवर नुसती सपाट रेघ धावते. अधूनमधून लहरींचा एक झुबका उठतो आणि विरतो. मिनिटाला किती झुबके येतात त्यावर डोस ठरतो.

जयदेवची बायको उमा त्याच्या कानाशी बोलायची. रेघ हलत नसे. पण चार वाजता त्याच्या शिफ्टमधला महेश आला, "कसा आहेस रे?" म्हणाला, आणि झुबका उठला. दुसऱ्या दिवशीही तसंच. यशोधराने टाळी वाजवून पाहिली, स्वतः हाक मारली. काही नाही.

"कधी कधी आवाजाला येतो झुबका," डॉक्टर म्हणाले. "त्याला काही कळतंय असं नाही." त्यांनी डोस वाढवला. दुपारभर रेघ मेल्यासारखी पडून होती.

चारला महेश आला. "जयदेव," एवढंच म्हणाला. रेघ उसळली.

महेशने ते पाहिलं. "मॅडम, हे काय?"

"तुमच्या आवाजाला आलं."

"म्हणजे त्याला ऐकू येतंय?"

नाही म्हणायला हवं होतं. "माहीत नाही," ती म्हणाली.

महेशने पलंगाची कड घट्ट धरली. "तू टाकी साफ करायला उतरलायस हे मी बघितलंच नाही रे. टाकीतल्या मिक्सरचं बटन मीच दाबलं. साहेब म्हणाले, शिडीवरून पडला सांग." प्रत्येक वाक्याला एक झुबका. मागे दारात उमा उभी होती.

"भावजी," ती हळूच म्हणाली, "हे सगळं पोलिसांना सांगाल?"

त्याने सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, जयदेवशी बराच वेळ बोलला. रेघ एकदाही हलली नाही.

पुढे औषध हळूहळू बंद केलं, आणि दोन आठवड्यांनी जयदेव शुद्धीवर आला. अपघाताचा दिवस त्याला आठवतच नव्हता. महेशला पाहून हसला. "काय रे, आज सुट्टी?"

यशोधराने त्या दोन दिवसांचं रेकॉर्डिंग डॉक्टरांना दाखवलं.

"योगायोग," ते म्हणाले.

"मग कबूल केल्यावर एकही का नाही, सर?"

डॉक्टरांनी तो भाग पुन्हा लावला, शेवटपर्यंत पाहिला आणि फाईल बंद केली.

आता मशीन सुरू करण्याआधी यशोधरा नातेवाइकांना बाहेर पाठवते. कोणी कारण विचारलं, तर नियम आहे म्हणून सांगते.