व्हिला म्हणजे किती घरं

जावयाचा व्हिला आहे, ही बातमी दादानं गल्लीभर करून टाकली तेव्हा जावई अजून जावई झालेला नव्हता आणि व्हिला कुणी पाहिलेला नव्हता. पण दादाला कुठला धीर! इस्त्रीवाल्यापासून दवाखान्यातल्या कंपाउंडरपर्यंत सगळ्यांच्या कानावर घालून झालं. त्याची लेक ठकी हिच्या फोनवर त्या मुलाचा भलामोठा मेसेज होता, सगळा स्पॅनिशमध्ये. त्यातला 'व्हिला' एवढा एकच शब्द दादाला लागला आणि तेवढ्यावर त्यानं डोळ्यांसमोर बाग, झोपाळा आणि नावाची पाटी लावलेलं फाटक उभं केलं.

त्याच्या बहिणीला, म्हणजे ठकीच्या आत्याला, मात्र तो शब्द खटकला.

ठकी आईवेगळी. दादा ट्रक घेऊन महिनोन्‌महिने बाहेर. पोरीला लहानाची मोठी केली ती आत्यानं, लग्नाबिग्नाच्या भानगडीत न पडता. आत्या टाइल्सच्या कारखान्यात कामाला होती. परदेशी यंत्रांसोबत येणाऱ्या जाडजूड पुस्तिका ती स्पॅनिशमधून मराठीत आणायची. त्यात एक शब्द इकडचा तिकडे झाला तर कुणाचं तरी बोट जाणार, हे तिला पक्कं ठाऊक. त्यामुळे शब्दावर संशय घेणं हेच तिचं पोटापाण्याचं काम झालं होतं, आणि ही खोड घरीही सुटायची नाही. दूधवाला 'आत्ताच काढलंय' म्हणाला तरी ही विचारणार, आत्ताच म्हणजे कधी?

मुलगा त्याच कारखान्यात नवी भट्टी बसवायला आला होता. ताडमाड उंच, म्हणून आत्या त्याला लंबूटांग म्हणायची. भट्टी बसवता बसवता त्यानं डिझाइन विभागातल्या ठकीच्या मनातही बस्तान बसवलं आणि आपल्या देशी परत गेला. आता लग्न करून तिला घेऊन जातो म्हणत होता. रविवारी दोन्ही घरांचा व्हिडिओ कॉल ठरला होता, त्यात दादा हो की नाही ते सांगणार होता. दादाला स्पॅनिशचं ओ की ठो कळत नव्हतं. ठकीला येत होतं, पण स्वतःच्या लग्नात दुभाषी कुठली होणार ती! मधे बसायचं होतं आत्याला.

आणि आत्याला त्या व्हिलाचा संशय आला होता. एक तर त्यांच्याकडे त्याचा उच्चार 'विया'. दुसरं म्हणजे तो शब्द तीन तोंडांचा. विया म्हणजे बंगला. विया म्हणजे जुनं, मानाचं, छोटंसं शहर. आणि काही देशांत विया म्हणजे चक्क पत्र्यांची झोपडपट्टी. यातलं नेमकं कुठलं?

"त्याचं घर आहे तरी कुठं?" तिनं ठकीला भाजी निवडताना विचारलं.

"सांगितलं ना. वियात."

"विया म्हणजे सिउदाद? का पुएब्लो? का आल्देआ?"

"आत्या, तू ना, पोलिसात जायला हवी होतीस," म्हणून ठकी उठून गेली.

हे शब्द ठकी काही तोंडातल्या तोंडात घोळवून विसरणारी नव्हती. लहानपणी आत्यानंच तिला ते बटणांच्या डब्यावर शिकवले होते. अख्खा डबा जमिनीवर ओतला की सिउदाद, शहर. ओंजळभर बटणं म्हणजे पुएब्लो, गाव. चिमूटभर म्हणजे आल्देआ, वाडी. पोरगी तासन्‌तास वाड्या मांडत बसायची. असं असताना तिनं उत्तर टाळावं, म्हणजे नक्कीच पाणी मुरत होतं.

मग आत्यानं पाळतच ठेवली. लंबूटांगचे फोटो तिनं चष्मा पुसून पुसून पाहिले. प्रत्येकात त्याचं तोंड मोठं आणि मागं तीच दगडी भिंत. रस्ता नाही, दुकान नाही, शेजारच्यांच्या दोरीवरचे कपडेसुद्धा नाहीत. एकदा ठकी त्याच्याशी बोलत असताना फोनमधून भरदुपारी कोंबडा आरवलेला आत्यानं स्वतःच्या कानांनी ऐकला. बंगल्यात कोंबडा? कोंबड्यावरून तिची त्या रात्री झोप उडाली. खरं सांगायचं तर तिला तो मुलगा खोटा निघायलाच हवा होता. खोटा निघाला तर ठकी राहणार होती. हे तिला कळत होतं आणि स्वतःची लाजही वाटत होती, पण म्हणून संशय काही कमी झाला नाही.

रविवारी दादा कडक इस्त्रीचा शर्ट घालून फोनसमोर बसला. आत्या मधे, ठकी पलीकडे. तिकडून लंबूटांग आणि त्याची आजी दिसत होती. त्यालाही आई-बाप नव्हते, वाढवलं होतं ते या आजीनं. म्हातारी बारकीशी, डोळे सुईसारखे. नमस्कार-चमत्कार झाले न झाले तोच आत्यानं सरळ विचारलं, "तुम्ही वियात राहता म्हणे?"

म्हातारी आधी नातवाकडे वळली, मग जी हसत सुटली ती खोकला येईपर्यंत. "विया? कुणी सांगितलं? अहो, आल्देआ आहे ही! निम्म्या घरांना कुलपं, उरलेल्यांत आम्ही म्हातारे आणि कोंबड्या."

लंबूटांगचं तोंड लालबुंद झालं.

"काय म्हणाली?" दादा पुढं सरकला. "केवढा आहे व्हिला?"

आत्याच्या जिभेवर शब्द तयार होता. वाडी. चार म्हाताऱ्यांची, कुलपं लागलेली वाडी. एवढं म्हटलं की दादा ताडकन उठणार, कॉल बंद, लग्न बंद. आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. ठकीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

तेवढ्यात म्हातारीच पुढं म्हणाली, "आता माझं ऐका. तुमची मुलगी मोठ्या सिउदादमधली म्हणे. उंच इमारती काय, थिएटरं काय! मग ती इथं कशाला येते? मला पहिल्यापासून संशय आहे. मुलीत काही खोट आहे का?"

आत्यानं मान वळवून ठकीकडे पाहिलं. एक बसस्टँड आणि दोन मेडिकलवाले असलेलं आपलं गाव, आणि सिउदाद? अख्खा डबा?

"ठके, हे तू सांगितलंस?"

"त्यानं विया म्हटलं," ठकी पुटपुटली, "मग मी मागं कशी राहू?"

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. मला काय वाडी कळत नाही?"

आत्याला हसूही आलं आणि रडूही. ठकी नाव ठेवलं होतं लाकडी बाहुलीवरून, पण पोरगी नावाला दुसऱ्याच अर्थानं जागली होती. तिकडची म्हातारी रोखून बघत होती. तीही इतके दिवस फोटोंच्या मागची भिंतच तपासत बसली असणार.

"पुएब्लो," आत्या तिला म्हणाली. "लहानसं गाव आहे आमचं. मुलीत खोट नाही. तुमच्या नातवाइतकीच थापाडी आहे, बस्स." मग दादाकडे वळून म्हणाली, "व्हिला-बिला काही नाही, दादा. वाडी आहे. आपल्या गावाहूनही लहान. पण आजी सरळ आहे, आणि ठकीला हे सगळं आधीपासून माहीत होतं."

दादा खुर्चीत मागं टेकला. मग कळवळून म्हणाला, "अगं, पण मी आता कंपाउंडरला काय सांगू?"

"सांग, बाग फार मोठी आहे म्हणून."

दादानं ठकीकडे पाहिलं. लेकीचे डोळे भरले होते. "कोंबड्यांत राहशील?" त्यानं विचारलं. तिनं मान डोलावली. "मग रहा बाई," तो म्हणाला आणि शर्टाचं वरचं बटण सोडलं. आत्यानं तो होकार स्पॅनिशमध्ये सांगितला. शब्द अगदी सोपा होता, पण तिला तो दोनदा म्हणावा लागला.

म्हातारी हसली नाही. कॅमेऱ्याजवळ आली. "हा नोकरीपायी बाहेर पडला तेव्हा घर किती मोठं होतं ते मला कळलं," ती म्हणाली. "मुलगी इकडे आल्यावर तुमच्या घरात कोण राहील?"

आत्यानं घरात नजर फिरवली. ट्रकची किल्ली खिळ्याला होती, दादा उद्या सकाळी निघणार होता. बटणांचा डबा कपाटावर होता.

"सोमोस मुचोस," ती म्हणाली. आम्ही पुष्कळ जण आहोत.

म्हातारीनं डोळे बारीक केले.

"काय विचारलं गं तिनं?" दादा म्हणाला.

"काही नाही. घर केवढं आहे, म्हणून."

दादाला ते पटलं. ठकीला मात्र दोन्ही भाषा येत होत्या. ती खुर्ची सरकवून आत्याच्या अगदी जवळ येऊन बसली.